मागची भिंत

क्लूनब्रॅक
रविवार, २४ सप्टेंबर १९७२

चि. कोलमन यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. आम्ही दोघी देहाने ठीक आहोत. बाकीचं तू विचारण्याआधी मीच सांगते.

काल संध्याकाळी आई तुझा कार्यक्रम पाहायला टॅन्सींच्या डीलियाकाकूंकडे निघाली, ती चर्चमध्ये मिसेच्या प्रार्थनेला घालते तो कोट घालून आणि टोपीला पिन लावून. मी म्हटलं, अगं, कुंपणापलीकडे तर जायचंय, टोपी कशाला? तर म्हणे, त्या पेटीतून तोही मला पाहत नसेल कशावरून? टॅन्सींच्या स्वयंपाकघरात सगळी वाडी जमली होती. आईला शेगडीजवळची खुर्ची दिली. डब्लिनच्या टेलिव्हिजनवर झळकणाऱ्या मुलाची आई म्हणून.

मग तू आलास. डोक्याला रुमाल आणि कमरेला निळ्या ठिपक्यांचा एप्रन. कोलमन, तो एप्रन आईचा. उन्हाळ्यात तू मागवलास तेव्हा तिने तो धुतला, इस्त्री केला, फाटका खिसा शिवला आणि पार्सल करून पाठवला. पोराला माझी आठवण येते, असं पोस्टातल्या बाईलासुद्धा सांगून आली होती.

पहिल्यांदा सगळे पोट धरून हसले. घरी मिसा व्हायची म्हणून तुझी ती बाई फक्त रस्त्याकडची भिंत चुन्याने रंगवते, मागची तशीच ठेवते, कारण मिसा करायला येणारे मोठे पाद्री, कॅनन, मागून येत नाहीत. शेजारणीचे कप आणून आपलेच म्हणते. मिसेनंतरच्या न्याहारीला कॅननचं अंडं चुलीवर ठेवते आणि दाराआड उभी राहते, चमच्याची टकटक ऐकून ते नीट झालंय का ते कळावं म्हणून. तिथेच तू थांबलास, उरलेलं पुढच्या कार्यक्रमात म्हणालास. पण कप डीलियाकाकूंचे होते ना! एकेकाची मान आईकडे वळली आणि हसू जिथल्या तिथे विझलं. शेवटी आई एकटीच हसत होती. मग तीही थांबली. म्हणाली, तो माझा खिसा आहे.

मला भीती वाटते ती पुढची. यंदा वाडीत घरोघरी फिरणाऱ्या मिसेची पाळी आपल्या घराची. कितीतरी वर्षांनी आली आहे. येत्या रविवारी कॅनन गिलहूली वेदीवरून घरांची नावं वाचतील. टॉम ब्रेहनीचं आठवतं तुला? भर रस्त्यात कॅननशी वाद घातला, आणि पुढच्या वेळी त्याचं घर गाळून नाव थेट पुढच्या घराचं. कुणी त्याला वाकडा शब्द बोललं नाही. फक्त त्याच्या दारी जाणं बंद झालं. आता त्या घराला कुलूप आहे आणि माणसं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला. आई पंचाहत्तरीची झाली, तिने कुठे जायचं? मी शिकवते त्या शाळेचे मॅनेजरही कॅननच, हे मी मुद्दाम लिहीत नव्हते, पण लिहिलं.

कळावे. लोभ आहेच, जरा विचारही असावा.
तुझी ताई,
अट्रॅक्टा


डब्लिन
शुक्रवार, २९ सप्टेंबर

ती. अट्रॅक्टाताईस, सा. न.

तुझं पत्र कपड्यांच्या खोलीत उघडलं. मेकअपवाली म्हणाली, चेहऱ्याला पावडर लावायची आज गरज नाही.

ताई, मी आईची टिंगल केली नाही गं. म्हणजे केली, पण तशी नाही. लहानपणी गावोगाव फिरणाऱ्या मिशनच्या पाद्र्यांची नक्कल मी चुलीपुढे करायचो, तेव्हा आई एप्रन वर उचलून तोंड झाकायची आणि त्याच्याआड गदगदा हसायची. तिचं हसतं तोंड मी कधी पाहिलंच नाही, हलणारे निळे ठिपके तेवढे पाहिले. विम्याची नोकरी सोडून मी त्या ठिपक्यांमागे निघालो, असं म्हण. तुम्हाला वाटतं मी एकदम टीव्हीवर उगवलो. त्याआधी नाचाच्या हॉलांमध्ये दोन बँडच्या मधल्या वेळात मला उभं करायचे. मी आलो की लोक लिंबूसरबत आणायला जायचे. मलिंगारला एकाने सांगितलं, भाऊ, तू छान आहेस, पण जरा हळू बोल, आम्ही गप्पा मारतोय.

आता बाई झालो तर हसतात. स्टुडिओतले साहेब खूश आहेत, हिवाळाभर तीच बाई पाहिजे म्हणतात. दुसरा भाग चौदा ऑक्टोबरला, कॅननच्या न्याहारीचा. लिहून झालाय. आणि खरं सांगू? कॅमेऱ्याचा लाल दिवा लागण्याआधी दर वेळी मला ओकारी होते. एप्रन बांधला की थांबते. हे आईला वाचून दाखवू नकोस. ती काही म्हणाली का, एवढं मात्र कळव.

कळावे. राग असला तरी चालेल, पण पत्र असू दे.
तुझा,
कोलमन


क्लूनब्रॅक
रविवार, ८ ऑक्टोबर

चि. कोलमन यास आशीर्वाद.

नावं गेल्या रविवारी वाचली. कॅनन प्रत्येक नावानंतर चष्मा पुसत होते, तेव्हा आई माझा हात असा आवळून बसली होती की अंगठी रुतली. आपलं नाव वाचलं. गुरुवार, एकोणीस तारीख. मला वाटलं, सुटलो. घरी येईपर्यंत कळलं की सुटलो नाही. न येणाऱ्या कॅननची भीती वेगळी होती, येणाऱ्या कॅननची आणखी वाईट.

आईला आता काही करताच येत नाही. चुन्याची बादली दारात आणून ठेवली आहे. रंगवली तर म्हणतील, बघा, टीव्हीतल्यासारखीच. नाही रंगवली तर म्हणतील, लाजच सोडली. डीलियाकाकू स्वतः कप घेऊन आल्या, तर आईने दार अर्धंच उघडलं आणि आमच्याकडे आहेत म्हणून सांगितलं. आमच्याकडे चार आहेत, त्यातल्या एकाला कान नाही. दुकानात अंडी घ्यायला गेले, तर तिथल्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. कोंबड्या अंड्यावर येत नाहीत, त्यांनाही घरातलं कळतं की काय. आई दिवसभर खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसते, आणि ते हात एप्रनचा काठ शोधतात. दुसरा एप्रन आहे, पण ती बांधत नाही. माझी आई कामाशिवाय बसलेली मी आजवर पाहिली नव्हती. जे जे ती प्रेमाने करायची, ते सगळं तू आधीच करून टाकलंस. तिला करायला काही ठेवलं नाहीस.

शाळेत आमच्या मुख्याध्यापिका मदरनी मला बोलावलं. फक्त एवढंच म्हणाल्या की कॅनन माझ्याबद्दल चौकशी करत होते. कसली, ते सांगितलं नाही. मी वर्गात शुद्धलेखन घालताना एक ओळ दोनदा सांगितली, मुलांनी दोनदा लिहिली.

तू विचारलंस ना, आई काही म्हणाली का? म्हणाली. म्हणाली, त्याला लिही की घरी मिसा आहे, आणि घरचा मुलगा दारात उभा राहून येणाऱ्याला आत घेतो, बाबा गेल्यापासून ते काम त्याचं. बाकी काही नाही. मी मात्र मागते, शनिवारी ते अंडं नको करूस. मिसेला पाच दिवस राहतील. माणसं ताजं हसू घेऊन आपल्या दारात येतील.

कळावे. लोभ असावा, आणि या वेळी ऐकावंस.
अट्रॅक्टा


डब्लिन
सोमवार, १६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

अंडं केलं नाही. तुम्ही पाहिलं नसेल, पाहिलं नसावं अशी प्रार्थना. साधा सूट घालून उभा राहिलो आणि बसच्या रांगेबद्दल काहीतरी बोललो. समोर बसलेल्या लोकांच्या खुर्च्या करकरत होत्या, ते मला ऐकू येत होतं. ताई, हसू न येण्याचा आवाज कसा असतो ते तुला माहीत नाही. विहिरीत दगड टाकावा आणि तो पडूच नये, तसा.

साहेब ओरडले नाहीत, तीच वाईट खूण. येत्या शनिवारी बाई परत आली तर ठीक, नाहीतर माझ्या जागी एक ॲकॉर्डियनवाला आहे, एवढंच म्हणाले. माझं वय त्रेचाळीस. विम्यात कुणी परत घेणार नाही आणि नाचाचे हॉल आता बंद पडताहेत.

गुरुवारी पहिल्या गाडीने येतो. दारात उभा राहीन. एप्रन बरोबर आणतो. कॅनन काय म्हणतील ते मला म्हणू देत, तिला नको.

कळावे. आईला फक्त येतो म्हणून सांग.
कोलमन


डब्लिन
शुक्रवार, २० ऑक्टोबर

ताई,

नमस्कारासाठी थांबत नाही. मी आलो होतो.

गाडीला उशीर झाला. वळणावर पोचलो तर कुंपणाला सगळ्या सायकली टेकलेल्या, कॅननची काळी मोटार दारात. मिसा सुरू झाली होती. पुढच्या दाराने सगळ्यांच्या नजरेतून जाण्याची छाती झाली नाही. शेतातून वळसा घेऊन मागच्या भिंतीशी उभा राहिलो. म्हटलं, संपलं की जाईन. संपलं. खुर्च्या सरकल्या. तरी मी भिंतीशीच. मग बराच वेळ काहीच आवाज नाही, आणि त्यानंतर आतून जे हसू फुटलं, तसं मी कधी ऐकलं नाही. सगळं घर हसत होतं. आणि मधे आईचा आवाज होता. ती हसत होती का रडत होती, ते भिंतीतून कळेना.

मी त्यांना शिकवलं ना तिला हसायला? एप्रन खिडकीत ठेवला आणि पळालो. लोकांना हसवून पोट भरणारा माणूस, हसू ऐकून शेतातून धावत सुटला, बूट चिखलात.

उद्या संध्याकाळी लाल दिवा लागेल. मी उभा राहू शकणार नाही. पण आधी मला सांग, ते तिला हसले का? पोस्टाच्या बाईला विनव, तार कर.

कोलमन


क्लूनब्रॅक
सोमवार, २३ ऑक्टोबर

चि. कोलमन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारची माझी तार तुला मिळाली, हे टॅन्सींच्या टीव्हीवर ती बाई पुन्हा दिसली तेव्हाच आम्हाला कळलं. तारेत सात शब्दांत जे मावलं नाही, ते आता नीट सांगते.

सगळे आले. एक घर मागे राहिलं नाही. पण कसे आले! जिवंत माणसाच्या अंत्ययात्रेला यावं तसे. कुणी भिंतीकडे पाहत नव्हतं, आणि सगळे पाहत नव्हते म्हणून भिंत आणखीच दिसत होती. आईने ती रंगवलीच नाही. मिसेत लहान मूलसुद्धा खोकलं नाही. कॅननच्या चेहऱ्यावरून काही वाचता येईना, तो चेहरा त्यासाठी घडवलेलाच नाही.

मग न्याहारी. बैठकीच्या खोलीत कॅनन, आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्याबरोबर टॅन्सीकाका आणि आणखी दोघे वडीलधारे. बाकी सगळे स्वयंपाकघरात, मधलं दार उघडं. मी सोडाब्रेड, हॅम ठेवलं. आईने अंडं ठेवलं आणि जायला दुसरी जागाच नाही म्हणून दाराआड जाऊन उभी राहिली. तुझ्या बाईसारखीच. सगळ्यांना ते दिसलं. टॅन्सीकाका ब्रेडचा तुकडा हातात धरून पुतळा झाले. कॅनननी चमचा उचलला. टकटक केली. तू बाहेर ऐकलीस ती शांतता हीच.

आणि आई दारामागून बाहेर आली. पांढरीफटक. कॅननना म्हणाली, कसं झालंय ते मोठ्याने सांगा फादर, सगळं आयर्लंड चार आठवडे वाट पाहतंय.

मी डोळे मिटले. कोलमन, मला वाटलं माझी शाळा गेली, घर गेलं, ब्रेहनींच्या शेजारी दुसरं कुलूप आलं.

कॅनननी अंड्यात चमचा घातला, वर काढला. म्हणाले, दगड झालाय, मिसेस हेनेगन. ह्या पॅरिशमध्ये आल्यापासून एका घरी मला मऊ अंडं मिळालेलं नाही. मी मिसा संपवून टेबलाशी बसेपर्यंत बायका ते चुलीवरून उतरवतच नाहीत, इतक्या घाबरतात. आणि सांगायची मला भीती वाटते, कारण सांगितलं तर पुढच्या घरी कच्चं देतील.

पहिल्या हसल्या त्या डीलियाकाकू. मग घर फुटलं. आईचे हात एप्रन उचलायला गेले, तर कमरेला एप्रन नाही! तोंड झाकायला काही नव्हतं. तशीच उघडी हसली, सगळ्यांच्या देखत. पुढचा एक दात नाही तिला, तो ती आयुष्यभर लपवत होती हे मला त्या दिवशी कळलं. आणि तू ते पाहायला एका भिंतीच्या अंतरावर होतास.

कॅनन निघताना मला म्हणाले, टीव्हीवर मी जाडा असणार का, एवढं भावाला विचारून कळवा, हेच विचारायचं होतं म्हणून मदरकडे तुमची चौकशी केली होती. ते हसत नव्हते. त्यांनाही भीती वाटते रे.

एप्रन आईला संध्याकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना सापडला. खिडकीखालच्या चिखलात तुझ्या बुटांचे ठसेही. ती बराच वेळ तिथे उभी होती. आत येऊन एवढंच म्हणाली, दारात उभं राहायला सांगितलं होतं, कुठल्या ते सांगायचं राहिलं. एप्रन धुऊन पार्सल केला आहे. शनिवारी तू दुसराच कुठलातरी बांधला होतास, तिला आवडला नाही, ठिपके मोठे होते म्हणे. नाताळला ये.

कळावे. लोभ पूर्वीइतकाच, भीती थोडी कमी.
तुझी ताई,
अट्रॅक्टा

ता. क. पत्र बंद करायला खिडकीशी आले, तर आई बाहेर शिडीवर आहे. शहात्तराव्या वर्षी! डीलियाकाकू शिडी धरून तिला शिव्या घालताहेत. पुढची भिंत तशीच आहे. चुन्याची बादली घेऊन ती मागची रंगवते आहे. म्हणते, आता या बाजूनेही माणसं येतात.