‘बा’ आणि ‘ये’

४ जून
पट्टीचा शेवटचा वेढा केसांना चिकटला होता. गिरीशने आमच्या जाईचे हात धरले, मी डोकं. डॉक्टरांनी ओल्या कापसाने सोडवला. कानामागे टाक्यांची रेघ, स्वच्छ. सूज उतरलीय. रडली. मग आरशात पाहून भादरलेल्या जागेवरून हात फिरवत बसली. नजरबादच्या हॉस्पिटलातून रिक्षाने घरी. कॉक्लिअर इम्प्लांटचा आतला भाग बसवून झाला. बाहेरचं यंत्र जखम भरल्यावर. तोवर तिला पूर्वीसारखंच काही ऐकू येणार नाही.

२३ जून
यंत्र सुरू केलं. पहिला आवाज गेला तशी जाई माझ्या कुशीत शिरली. रडली. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, रडली म्हणजे पोचलं. आवाज हळूहळू वाढवत नेणार. शब्द कळायला महिने. आणि घरात एकच भाषा ठेवा, ठरवून.
मी म्हटलं, मराठी. गि.च्या घरची मराठी चार पिढ्या मैसूरची, निम्मी कानडी. माझी साताऱ्याची.

२७ जून
सासूबाईंना सांगितलं, जाईशी फक्त मराठी.
“मग मी काय बोलते गं?”
“आई, ‘ऊट आयतु का’ हे मराठी नाही.”
“आमच्यात हेच मराठी. तू एम्ये. तुझं पुस्तकातलं.”
‘ऊट आयतु’ नाही, ‘जेवण झालं’. बा नाही, ये. मान्य केलं त्यांनी. तोंड वाकडं करून, पण केलं.

१ जुलै
गि.च्या शिवणाच्या दुकानात यंत्र हरवलं. देवराज मोहल्ल्यातलं निम्मं गिऱ्हाईक ओणवं होऊन शोधत होतं. डोक्याला चिकटणारी चुंबकाची चकती मोठ्या कात्रीच्या पात्याला चिकटलेली, तिच्यावर टाचण्या. जाई खूप हसली. गि. म्हणाला, “आता कात्रीला ऐकू येतंय.”

८ जुलै
कुकरची शिटी: वळली. दारावर टकटक: वळली. पाठीमागून ‘जाई’: नाही. ‘ये’: नाही. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे हात धरून म्हणायचं. रोज. येईल.

१२ जुलै
सासूबाई भातावर तूप वाढता वाढता थांबल्या.
“मेधा, तुप्प कन्नड ना? मग पोरीसमोर तूप म्हणू का नको?”
तूप कानडीतूनच आलंय. एम.ए.ला त्यावर टीप लिहून मार्क घेतले होते.
“म्हणा.”
“विचारलेलं बरं.” पण म्हणाल्या नाहीतच. नुसतं वाढलं.

१५ जुलै
थेरपिस्ट बाईंनी विचारलं, दिवसभर तिच्याशी कोण बोलतं? मी कॉलेजात, गि. दुकानात. म्हणजे आजी. काय बोलतात? बघून सांगते म्हटलं.
घरी आले. सासूबाई भेंडी चिरत होत्या, जाई शेजारी. दोघी गप्प. खिडकीतून शेजारीण दिसली तशा सासूबाई सुरू झाल्या, थांबेनात. अग्रहाराच्या या गल्लीत त्यांच्याइतकं कुणी बोलत नसेल. जाईपुढे तोंड उघडत नाहीत. चुकेल म्हणून.

२० जुलै, रवि.
जाई पाठमोरी, कपड्यांचे चिमटे ओळीत मांडत होती. सासूबाई मागून, विसरून: “बा गं पुट्टी, बा इकडं.”
जाई वळली. उठून गेली.
सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “चुकलं गं.”
“परत म्हणा. तोंडापुढे हात धरून.”
“बा.”
वळली.
मग मी: ये. नाही.
“तुझं ये बारीक आहे,” म्हणाल्या. “हवेत जातंय.”

२१ जुलै
थेरपिस्ट बाईंना फोन. एकच म्हणजे नक्की कुठली? म्हणाल्या, जी घरात भरपूर बोलली जाते ती. आजींची खिचडी? “आजींना ती एकच भाषा वाटते ना? मग तीच.”
सासूबाईंना सांगितलं. “मी तेच म्हणत होते,” एवढंच. ‘ये’ मी नंतर शिकवीन. शिकवीनच.

२४ जुलै
संध्याकाळी. गि. दारात चपला काढत होता. जाई: “बा.”
ओठ मिटून उघडले, आवाजासकट. नक्की.
गि.: “बाबा म्हणतेय.”
सासूबाई: “तुला कोण विचारतंय? मला बोलवतेय. बा म्हणतेय.”
“बाबातला निम्मा तरी मीच की.”
“निम्म्यानं काय होतंय.”
थेरपिस्ट बाईंनी बजावलंय, सुरुवातीचे आवाज म्हणजे नुसती बडबड असू शकते, घाईने अर्थ चिकटवू नका. दोघांना हे सांगितलं नाही. मलाही ती हाक वाटली. कुणाला, ते ठरवलं नाही.

२५ जुलै
सकाळी यंत्र लावलं. सासूबाईंना म्हटलं, बोला. “काय बोलू?” काहीही. मग वाळत घातलेल्या पोलक्यावर कावळ्याने काय केलं ते सांगत बसल्या. जाई वाटीवर चमचा वाजवायची थांबली. आजीकडे वळली. मी कॉलेजला गेले.