कुंकू लावलेलं सुरूचं झाड

४ डिसेंबर
आज झाडाला कुंकू लावलं. विहिरीकडून तिसरं. केळीला वारा लागू नये म्हणून यांनी बांधावर ही सुरूची रांग लावली, आणि दर नाताळाला त्यातलं एक जळगावच्या चौकात जातं. एका वादळात शेंडा मोडला होता. फेकायचा कशाला, म्हणून यांनी ट्रॅक्टरवर टाकून चौकात नेऊन दिला, तेव्हापासून तिथले ख्रिस्ती लोक आमच्याच झाडाची वाट बघतात. कुंकू हेच लावायचे. लावलं की झाड दिलं, मग माघार नाही, हा यांचा नियम.
हे उन्हाळ्यात गेले. म्हणून मी लावलं.
मोठ्या जाऊबाई, अक्का, बांधावर उभ्याच होत्या. "आता तुनं कुकू लावाचं नसते व माय."
"झाडाले काय माहीत अक्का, मी कोन हाये ते."
घरी येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही. रागाने.

८ डिसें.
सॅम्युअलभाऊंचा फोन. यांचे जुने दोस्त, चौकातलं नाताळाचं सगळं तेच बघतात. भरताची वांगी कशी आलीत विचारलं, थंडी विचारली. मग हळूच, "वहिनी, यंदा झाड राहू द्या."
का, तर एका पुढाऱ्याने झाड दिलंय. लोखंडी सांगाडा, प्लास्टिकची पानं, लायटिंगसकट.
"आम्ही मूठभर लोक. नाही कसं म्हणणार?"
म्हटलं, मी कुंकू लावून बसलेय. त्यांना नियम माहीत आहे. मी फोन ठेवला. आपटला.
आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण एवढ्या वर्षांत कोणी विचारलं? माहेरी जाताना लेक विचारते का, येऊ का म्हणून?

९ डिसें.
प्रमोद म्हणतो, "पुसून टाक ना आई. पाणी मार, विषय संपला."
पुसून टाक म्हणे! माझं पुसलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तू तिथेच उभा होतास प्रमोद, पोटचा लेक, खाली मान घालून.
भाकरी करपली. करपू दे.

१५ डिसें.
डोळे दाखवायला जळगावला गेले, मुद्दाम चौकातून. सांगाडा उभा झालाय. शेजारी बॅनर, पुढारी हात जोडून, झाडाएवढा. नाताळच्या शुभेच्छा खाली बारीक अक्षरात. यांनी कधी साधी चिठ्ठीसुद्धा अडकवली नव्हती झाडाला.
पान हातात धरून बघितलं. कसलाच वास नाही. आमच्या ट्रॉलीला सुरूचा वास संक्रांतीपर्यंत असायचा.
सॅम्युअलभाऊ बाकावर होते. उठले, हात जोडले. मी पुढे निघून गेले. बसमध्ये वाईट वाटलं, पण राग काही उतरला नाही.

१८ डिसें.
आता कळलं प्रमोदचं. घड तयार होतायत, ट्रक बांधापर्यंत यायला रस्ता हवा, आणि तो रस्ता याच पुढाऱ्याच्या हातात. "एका झाडापायी रस्ता घालवशील." रस्ता मलाही हवाय रे. डोक्यावर घड वाहून माझीच मान गेलीय. पण म्हणून बापाचा शब्द तू

पुढचं लिहीत नाही.

२३ डिसें.
तोडलं. नारळ फोडून, गडी सुपडूला हाताशी घेऊन. प्रमोद आलाच नाही. अक्का आल्या. फांद्या दोराने आवळल्यावर गाठ त्यांनीच मारली. पक्की.

२४ डिसें.
सुपडूने ट्रॅक्टर काढला, मी शेजारी बसले. चौकात पुढाऱ्याची पोरं आडवी आली. "आजी, हे इथी नाही ठेवाचं. उद्या साहेब येनार हायेत."
"मंग साहेबालेच उचलू दे." दोर सोडून ट्रॉलीत टाकला, झाड लोखंडाच्या पायथ्याशी उतरवलं.
सॅम्युअलभाऊ आले. पिशवीतून तारा काढला. यांनी जुन्या डब्याचा पत्रा कापून केलेला, दरवर्षी तोच लागतो. वाटलं, परत करतायत. तर खाली बसले आणि आडव्या झाडाच्या शेंड्याला बांधला.
म्हणाले, "उभं करायला चार माणसं लागतात वहिनी."
चार माणसं होती की! चौक भरलेला होता. एकानेही हात लावला नाही. खाली मान घालून सगळे. मी तशीच निघून आले.
झाड लावून झालं की आमचं भरीत आणि त्यांचा केक, सगळे चौकातच खायचे. आज डबा नेलाच नव्हता.

२५ डिसें.
उठले तर प्रमोद घरात नाही. गाडीही नाही. अंगणात ट्रॉली बघितली. दोर नाही.
झाड उभं करायला दोर लागतो. ओढून काढायलाही लागतो.
अक्का म्हणाल्या, "त्याले फोन लाव."
"मी नाही लावनार."
मी सांगून ठेवलंय, ओढून काढायला गेला असेल तर त्याने माझ्या हातचं जेवायला बसू नये. अक्का ऐकून घेतात. अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून त्यांनी वांगी भाजायला घेतलीत, चौकाला पुरतील एवढी.