मजकूर नसलेली नोटीस

६ जानेवारी १९९६, शनिवार

दवाखान्यातून परत. खालून तिसऱ्या मजल्यापर्यंत यायला बाळूला बावीस मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजली, रागानेच. दुसऱ्या मजल्यावर जिन्यातच फतकल मारून बसला. म्हणाला, "वैनी, घर इथं आण." हसू आलं, पण हसले नाही.

डॉक्टरीणबाईंनी जुनी चिठ्ठी बघितली, तिच्यावर 'मंगोल' लिहिलंय. म्हणाल्या, आता डाऊन सिंड्रोम म्हणतात. बरं, तसं म्हणू. वजन ८४. थायरॉइडची गोळी चालूच. छाती बघितली, गुडघे बघितले. "हृदय ठीक, पाय ठीक. बसवून ठेवलंय म्हणून बसलाय. असाच बसला तर काही वर्षांनी घरातल्या घरात फिरणंही जड जाईल." हे सगळं माझ्याकडे बघून. जशी काही चौतीस वर्षं मीच त्याला बसवून ठेवलाय! सासूबाई गेल्या आणि धाकटा दीर माझ्या पदरात पडला, त्याला चार महिने झाले. परळच्या तळमजल्यावरच्या खोलीत त्याला सगळं हातात. ताट हातात, पाणी हातात, चपलासुद्धा पायात घालून. "देवाचं लेकरू, त्याला काम सांगू नये," म्हणायच्या.

संध्याकाळी समोरच्या कुलकर्णी काकूंकडे आक्कांचा, म्हणजे साताऱ्याच्या नणंदेचा फोन. "तुमाला जिना झेपत न्हाई तर हिकडं आणून सोडा. आमचं घर बैठं हाय. पडून ऱ्हाईल बिचारा." फेब्रुवारीत येऊन घेऊन जाते म्हणाल्या. पडून राहील! तेच तर नकोय. ह्यांना सांगितलं तर "बघू." ह्यांचं सगळं बघूच.

९ जानेवारी, मंगळवार

ऑफिसातून आल्यावर बाळूला घेऊन स्टेशन रोडला निघाले. दोनशे पावलं चालला असेल. मग दुभाजकावर बसला. ओढलं, चुचकारलं, शेवटी ओरडले. भोवती माणसं जमली. एक गृहस्थ म्हणे, "बाई, त्याला कशाला त्रास देताय? रिक्षा करा ना." रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर बाळू खूश, गाणं म्हणत होता. माझे कान तापलेले.

११ जानेवारी, गुरुवार

सकाळी शाळेच्या ऑफिसला जाताना मुद्दाम पाण्याचा तांब्या त्याच्या खुर्चीपासून पाच पावलांवर ठेवला. निदान तेवढं तरी उठेल. दीडला घरी आले तर तांब्या भरलेला, तो खुर्चीत, ओठ सुकलेले. "वैनी, पाणी." सकाळपासून तहानलेला बसला होता. हे मार्केटातून तासभर आधी आले होते, पण ते कांद्याच्या पोत्यांमध्ये पहाटे चारपासून उभे असतात, आल्या आल्या आडवे. त्यांना हाकसुद्धा मारली नाही त्याने.

पाणी हातात दिलं. हरले.

१४ जानेवारी, रविवार

कवायत. टीव्हीसमोर मी करायची, बघून त्याने करायची असा बेत. मी वीस उठाबशा काढल्या. त्याने बसून मोजल्या: एक, दोन, पाच, शंभर. आणि टाळ्या वाजवल्या. हे पेपरमागून, "बसू दे की त्याला. काय शर्यतीत पळवायचाय का?" मी म्हटलं, मग पाठवा साताऱ्याला. पेपर वर गेला.

माझ्या मांड्या भरून आल्यात. त्याच्या नाहीत.

१७ जानेवारी, बुधवार

एक गोष्ट झाली. लिहून ठेवते, नाहीतर उद्या खरी वाटणार नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी मोहिते नोटीस घेऊन आले. टाकी साफ करायची म्हणून परवा पाणी नाही. नोटिशीचं रजिस्टर दारोदार फिरवून प्रत्येक घराची सही घ्यायची, ही आपली पद्धत. वॉचमन गावाला गेलाय म्हणून मोहिते स्वतःच जिने चढत होते, वैतागलेले. मी सही केली. बाळूने रजिस्टर माझ्या हातातून घेतलं आणि मोहित्यांच्या मागे निघाला. चपला स्वतः घातल्या, उलट्या. समोरचं दार वाजवलं, "सही!" मग शेजारचं. मग चौथा मजला! मोहिते खाली येऊन म्हणाले, "वहिनी, याला फुल टाइम ठेवू का?" चेष्टेत म्हणाले. मी नाही घेतलं चेष्टेत.

१९ जानेवारी, शुक्रवार

मोहिते तयार. बिल्डिंगची खरी नोटीस असेल तेव्हा बाळू फिरवणार. खाली दुकानं, वर चार मजले, मजल्यावर चार घरं. आमचं सोडून पंधरा सह्या. आज पहिल्यांदा एकटा गेला. पन्नास मिनिटं. मी दाराआड उभी, प्रत्येक बेल ऐकत. सही केल्याशिवाय हलत नाही म्हणे. दुसऱ्या मजल्यावर बाई आंघोळीला गेल्या होत्या तर दारातच उभा राहिला. बसला नाही, उभा राहिला!

२४ जानेवारी, बुधवार

नोटिसा महिन्याला दोन. जिना रोज हवा. मोहित्यांकडून एक जुनं, अर्धं कोरं रजिस्टर मागून आणलं. आता रोज मीच नोटीस लिहिते. पहिले दोन दिवस काहीतरी सुचलं, कचरा, जिन्यातल्या सायकली. आज काही सुचेना. लिहिलं: "आज मजकूर नाही. कृपया सही करावी."

पंधराच्या पंधरा सह्या आल्या. कुणीतरी खाली 'वाचले' असंही लिहिलंय. माणसं बरी आहेत आमच्या बिल्डिंगमधली. मीच जरा तिरसट.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

चौथा मजला करून पस्तीस मिनिटांत परत. धाप कमी. आज पाणी स्वतः उठून घेतलं, सांडलं, फडकंही आणलं. मी काही बोलले नाही, नजर लागेल म्हणून. पाचच्या सुमाराला रजिस्टर काखेत घेऊन दारात उभा असतो, "वैनी, लिही." ऑफिसात माझ्या सायबाला माझी एवढी घाई नसते.

ह्यांनी आज त्याला जिन्यात उतरताना बघितलं. चहा घेताना दोनदा बघितलं त्याच्याकडे.

१० फेब्रुवारी, शनिवार

दवाखाना. मी मोठ्या ऐटीत. वजन ८६.

दोनने वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालतो ना?" मी म्हटलं रोज साठ-सत्तर पायऱ्या, अहो, चौथ्या मजल्यापर्यंत! त्यांनी मान हलवली, म्हणजे विश्वास नाही. रडू आलं, ते रिक्षात गिळलं.

घरी येऊन त्याचे शर्ट धुवायला काढले. खिशात मुंग्या. तिळाचे लाडू, अर्धी चिक्की, शंकरपाळा. पहिल्या नोटिशीपासून प्रत्येक दारात सहीबरोबर काहीतरी हातावर, संक्रांतीचं उरलेलं! पंधरा दारं, रोज. तडक समोर गेले. कुलकर्णी काकू म्हणतात, "अगं, दारात आलेल्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? त्यातून तो म्हणजे देवाचं लेकरू." मी म्हटलं, "काकू, तो चौतीस वर्षांचा आहे, दाढी करतो." त्या म्हणाल्या, "म्हणून काय झालं?" बाकीच्या दारांत जायचं त्राणच उरलं नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज नोटिशीला मजकूर होता. लिहिला, तसाच उतरवते:

"बाळकृष्ण यांस कोणीही काहीही खाण्यास देऊ नये. डॉक्टरांची सक्त मनाई आहे. वाचून सही करावी."

तो घेऊन गेला. आज तासाच्या वर लागला. पंधरा सह्या पूर्ण, खिसे रिकामे. काम फत्ते. एका दगडात पंधरा दारं बंद केली म्हणून मी खुशीत. कणीक मळताना गुणगुणतसुद्धा होते.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

पाच वाजले, सव्वापाच झाले, बाळू खुर्चीत. रजिस्टर पुढे धरलं. त्याने ते माझ्या मांडीवर ठेवलं. "माझी नोटीस," म्हणाला. एवढंच. तोंड भिंतीकडे.

काकूंना विचारलं तर कळलं. काल त्यांनी सही करता करता त्याला मोठ्याने वाचून दाखवली. "बघ हं, वहिनीने लिहिलंय, तुला काही द्यायचं नाही." दुसऱ्या मजल्यावर पाहुणे होते, तिथे वाचून हशा झाला. बहुतेक दारांत तेच. त्याला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. बाकीचे त्याच्यासमोर मोठ्याने वाचतील, हे डोक्यातच आलं नाही माझ्या.

पहिल्या दोन-तीन दारांतच त्याला कळलं असणार. तरी पंधरा केल्या. काम अर्धं सोडायचं नाही म्हणून.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

उठत नाही. संडासला तेवढा. पुन्हा "वैनी, पाणी" सुरू, आणि मी दिलं की माझ्याकडे न बघता पितो.

ह्यांनी रजिस्टर उघडून वाचलं. बराच वेळ वाचलं. "त्याच्याच हातात दिलीस?" एवढंच विचारलं. बायको आयुष्यभर वाट बघते नवऱ्याने तोंड उघडावं म्हणून, आणि तो उघडतो तो असा. मी भांडले. चूक माझी असली की मी जास्त भांडते, हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते पुढे बोलले नाहीत. ते आणखी वाईट.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आक्का सोमवारी येणार. काकूंकडे फोन केला होता, "त्याची कापडं भरून ठेवा." मी भरली नाहीत. पण नको कोणत्या तोंडाने म्हणू? जिना चढतो म्हणून सांगायचं तर चढायला हवा. पाच दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

ह्यांना सरळ विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, "त्याला विचार." गेली चौतीस वर्षं कुणी विचारलं नाही, आता माझ्या डोक्यावर! पण विचारलं. "बाळू, आक्काकडे जायचं का? साताऱ्याला?" तो म्हणाला, "नाव काट."

मला कळलं नाही. मग त्याने रजिस्टरकडे बोट केलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी त्याच्यासमोर बसून बारा तारखेच्या नोटिशीवर आडव्या रेघा मारल्या. त्याचं नाव दिसेनासं होईपर्यंत. खाली नवीन लिहिलं: "वरील नोटीस रद्द. चूक माझी." सही केली. वाचून दाखवलं त्याला. रजिस्टर पुढे केलं, "घे, सगळ्यांना दाखवून ये."

"तू," तो म्हणाला.

विनवलं. मग दरडावलं. "तू जा." खुर्ची दारात ओढून बसला, मी जाते की नाही बघायला.

गेले. एकेक दार. प्रत्येक ठिकाणी रद्द कशासाठी ते सांगायचं, कुणी मान हलवली, कुणी "अहो, एवढं काय मनावर घ्यायचं" म्हणालं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सही करताना मान खाली घातली. काकूंनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून. म्हणाल्या, "मी वाचायला नको होतं गं." मी म्हटलं, मी लिहायला नको होतं. चौथ्यावर जाईपर्यंत माझाच दम निघाला. एकेचाळीस वर्षांची बाई मी, कठड्याला धरून उभी. रोज हे करत होता तो.

परत आले. त्याने रजिस्टर घेतलं आणि एकेक ओळीवर बोट ठेवत खाली आला. चौदाव्या सहीनंतर बोट थांबलं. चौथ्या मजल्यावरच्या साळव्यांचं घर बंद होतं. "बाहेर गेलेत, उद्या घेऊ," मी म्हटलं. तो बोट उचलेना. "राहिली," म्हणाला.

उद्या आक्का येणार. पिशवी रिकामीच आहे.

आता साडेचार. बाळू रजिस्टर काखेत घेऊन जिन्यात उभा आहे. एक हात कठड्यावर, मान वर. चढत नाही, आतही येत नाही. हे झोपेतून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिलेत. मी दारातच खाली बसून हे लिहितेय. जा म्हणणार नाही, ये म्हणणार नाही. आजवर मीच बोलत आलेय.