देण्यात आली

प्रिय सिस्टर हॅनरहन,

तुमच्या भाचीनं कळवलं की आता तुम्हाला अक्षरं दिसत नाहीत आणि तिथल्या वृद्धाश्रमातल्या एक नर्सबाई दुपारच्या चहानंतर तुमची पत्रं वाचून दाखवतात. म्हणून या वेळी नाताळच्या कार्डाची वाट न बघता हे लांबलचक पत्र. नर्सबाई, तुमचा चहा निवणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. आणि सिस्टर, मागच्या कार्डात तुम्ही बजावलं होतंत, "आता मला ऊना म्हण, मी काही अजून वॉर्डात नाही." जिभेवर येत नाही हो. वॉर्ड दोनच्या दारात तुमच्या बुटांची चाहूल लागली की पाठ ताठ व्हायची. ती अजून त्याच नावानं ताठ होते.

इकडे गळीत सुरू झालंय. वाळत घातलेल्या चादरींना मळीचा वास येतोय. डेसला उसाच्या आगगाडीवरून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण गाडी घरामागून गेली की हा नवरोबा अजून घड्याळ काढतो. "चार मिनिटं उशीर! चालवतायत की ढकलतायत?" मोठी मुलगी टाउन्सव्हिललाच आहे. दारातल्या आंब्याला यंदा जूनमध्येच मोहोर दिसतोय, म्हणजे त्यालाही आमच्यासारखं काळवेळेचं भान राहिलेलं नाही.

आमच्यासारखं म्हणजे माझ्यासारखं. या बासष्टाव्या वर्षी विद्यार्थिनी आहे, सिस्टर. आपण हॉस्पिटलातच शिकलो, हॉस्पिटलानंच सर्टिफिकेट आणि बिल्ला दिला, आणि त्या बिल्ल्यावर सगळी नोकरी झाली. पण वॉर्डात येणाऱ्या विद्यार्थिनींना शिकवायची जागा निघाली, तर तिला पदवी हवी. वीस वर्षं त्या पोरींना शिकवतेच आहे, पण हुद्द्यानं शिकवायचं तर हातात कागद पाहिजे. म्हणून अडीच वर्षांपूर्वी, ड्युटी चालू ठेवून, घरबसल्या कंप्युटरवरून नर्सिंगच्या पदवीला नाव घातलं. स्वयंपाकघरातलं टेबल हेच कॉलेज. पहिल्या तासाला पडद्यावर माझ्यामागे घरी भरलेल्या टोमॅटो सॉसच्या साठ बाटल्या दिसत होत्या. पर्थची एक मुलगी म्हणाली, "तुमचं दुकान आहे का हो?" आतून डेस ओरडला, "आहे, पण मालकीण कधी गल्ल्यावर सापडत नाही!" चाळीस नर्सेस हसल्या. तेव्हापासून तो दर तासाला भांग पाडून दाराआड उभा असतो.

सुरुवातीला काय काय घोळ घातले ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे. पहिला निबंध ड्युटीच्या रिपोर्टासारखा लिहिला. डावीकडे वेळ, उजवीकडे काय झालं ते, खाली सही आणि हुद्दा. आमची शिक्षिका टॅम्सिन, माझ्या धाकटीच्या वयाची, फार गोड मुलगी. तिनं कळवलं, "असुंता, निबंधाची प्रकृती स्थिर आहे, पण तो अजून निबंध झालेला नाही." मग वर्गाची चर्चा असते, लेखी. प्रत्येकीनं आपलं मत मांडायचं आणि दुसऱ्या दोघींना उत्तर द्यायचं. माझी उत्तरं सगळ्या चाळीस जणींना गेली, एकीच्या आईच्या गुडघ्याची चौकशीसुद्धा. टॅम्सिन म्हणाली, "अहो, दोघींनाच द्यायचं होतं." म्हटलं, "अगं, आणि बाकीच्या काय वाट बघत बसतील?" वॉर्डात अर्ध्याच खाटांना पाणी विचारून बाहेर पडायची सवय तुम्ही लावली नव्हतीत.

पण सगळ्यात मोठी गंमत आधारांची. इथे प्रत्येक वाक्याला आधार लागतो, हे कोणत्या पुस्तकातून, कोणत्या सालचं. खाटेवरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, आणि वळवताना त्याला आधी सांगायचं, कारण तो पोतं नाही. पाणी हाताला नाही, कोपराला लावून बघायचं. मरणाऱ्याच्या खोलीत घड्याळाकडे बघायचं नाही. या सगळ्याखाली माझा आधार एकच: "सिस्टर हॅनरहन, वॉर्ड दोन." टॅम्सिननं समासात विचारलं, "या लेखिकेचं पुस्तक कुठल्या साली निघालं?" डेसला वाचून दाखवलं तर तो हसता हसता खुर्चीवरून घसरला. म्हणाला, "सांग तिला, एक्याऐंशी साली निघालं, आणि वाचायला घेतलं की ते उलट आपल्यालाच वाचायचं!" खरंच आहे ते.

या अडीच वर्षांत किती जणांचे उपकार झाले, मोजता येणार नाहीत. वॉर्डातल्या पोरींनी परीक्षेच्या आठवड्यात न सांगता माझ्या पाळ्या बदलून घेतल्या. डेस पास्ता उकडायला शिकला, म्हणजे निदान पाणी उकळायला तरी शिकला. आणि सगळे विषय सुटले, सिस्टर, एक सोडून. शेवटचा निबंध परत आलाय. येत्या सोमवारी दुरुस्त करून पाठवला तर पदवी, नाही तर पुन्हा पुढच्या वर्षी, आणि ती शिकवण्याची जागा तोवर थांबणार नाही.

निबंधाचा विषय होता, नोकरीतला असा एक प्रसंग लिहा, ज्यानं तुम्हाला नर्स बनवलं. चार पानं लिहिली. टॅम्सिनला आवडली. फक्त एका वाक्याखाली तिनं लाल रेघ मारलीय. वाक्य असं होतं: "रुग्णाला गरम पाण्याची पिशवी देण्यात आली." आणि समासात तिचा एकच शब्द: "कोणी?" खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, या निबंधात 'मी' असलाच पाहिजे, त्याशिवाय पास करता येत नाही.

हा 'मी' माझ्याकडे नव्हताच कधी. कॉन्व्हेंटमध्ये मदर इग्नेशियस पत्रलेखन शिकवायच्या. पत्राची सुरुवात 'मी'नं केली की वही परत. "समोरचा आधी, बाळ. आपण मागे." तिथून तुमच्याकडे आले, तर तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्या रिपोर्टातल्या 'मी'वर काट मारलीत. "नर्स जिरोत्तो, रिपोर्टात पेशंट असतो. औषध देण्यात आलं, जखम धुण्यात आली. आपण म्हणजे हात. हाताला नाव नसतं." किती बरं वाटलं होतं ते! हाताला नाव नसलं की हाताची चूकही कोणाची नसते, हे तेव्हा एकोणिसाव्या वर्षी कुठे कळत होतं?

तुम्हाला बेपी झांकेत्ता आठवत असतील. उसाचे म्हातारे शेतकरी, खिडकीजवळची खाट. इंग्रजी फक्त 'थँक यू'. बाकी सगळं माझ्या आजोबांच्या मायदेशातल्या गावच्या बोलीत, त्यामुळे वॉर्डात ते बोलायचे ते माझ्याशीच. ब्याऐंशीचा जुलै होता, ऐन हिवाळा, गार वारा सुटलेला. "पाय बर्फ झालेत गं पोरी," ते सकाळपासून म्हणत होते. मधुमेही माणसाच्या पायाला चटका कळत नाही, त्याला पिशवी कधीही द्यायची नाही, हे तुम्ही शिकवून महिनासुद्धा झाला नव्हता. पण ते आजोबांच्या आवाजात बोलत होते. दुपारी भेटायची वेळ संपली, चादर सरकवली, तेव्हा पायाची बोटं लाल झालेली, फोड आलेले. पुढे त्यातली दोन काढावी लागली.

मेट्रन दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या. तुम्ही खाटेच्या पायथ्याशी होतात. त्या मला म्हणाल्या, "तुला त्यांची भाषा येते ना? विचार त्यांना, पिशवी कोणी दिली?" आणि तो प्रश्न माझ्याच तोंडून विचारला गेला, सिस्टर. माझ्याच आजोबांच्या बोलीत. बेपींना नवल वाटलं. म्हणाले, "कोणी म्हणजे? तूच नाही का दिलीस पोरी? देव तुझं भलं करो, काल पहिल्यांदा पाय उबदार झाले." मेट्रननी विचारलं, "काय म्हणाले?" तुम्हाला त्या बोलीतलं अक्षर कळत नव्हतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे एकदा बघितलंत, चादरीचा कोपरा गादीखाली दुमडलात आणि म्हणालात, "आभार मानताहेत, मेट्रन. पिशवी माझ्या वॉर्डात देण्यात आली. पुढचं मी लिहून देते."

मेट्रन गेल्यावर वाटलं, आता तुम्ही बोलाल. तुम्ही म्हणालात, "तोंड धुऊन ये. चारची टेंपरेचरं राहिलीत." बस. त्यावर पुन्हा कधी एक शब्द नाही. ऑक्टोबरात मेट्रनची जागा रिकामी झाली. ती तुमचीच, असं सगळं हॉस्पिटल धरून चाललं होतं. ती दुसरीला मिळाली आणि तुम्ही पश्चिमेकडच्या त्या आठ खाटांच्या दवाखान्यात गेलात. सगळे म्हणाले, कोरडी हवा मानवते त्यांना. माझंही तेच म्हणणं पडलं, सगळ्यांच्यात उभं राहून. नाव कळलं असतं, तर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला त्या काळी त्याच संध्याकाळी घरी पाठवलं असतं. तसं झालं नाही, म्हणून ही त्रेचाळीस वर्षं मिळाली. ते सगळे वॉर्ड, हजारो माणसं, डेस (तोही हात मोडून वॉर्डातच आला होता), दोन मुली, ही पदवी. तुमच्या एका 'देण्यात आली'मध्ये माझा सगळा जन्म मावला. आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला काय पाठवलं? दरसाल एक कार्ड. हवा बरी आहे, ऊस बरा आहे, मुली बऱ्या आहेत.

बेपी त्यानंतर नऊ वर्षं जगले. दर डिसेंबरला हॉस्पिटलला आंब्यांची पेटी यायची, वर लिहिलेलं, "पाय उबदार करणाऱ्या सिस्टरला." तुमच्याकडे पुढे पाठवायचं धाडस कधी झालं नाही. कारण ती तुमच्यासाठी नव्हती, आणि जिच्यासाठी होती तिला ती खाववत नव्हती.

आता हे पत्र का, ते सांगते. टॅम्सिनच्या प्रश्नाला बगल देणं सोपं आहे. दुसरा एखादा प्रसंग लिहिला तरी ती पास करेल, आणि खोटं कोणाला कळणारही नाही. पण तोच प्रश्न दोनदा विचारला गेला, एकदा खाटेशेजारी आणि एकदा समासात, आणि तिसऱ्यांदा विचारायला आपल्या दोघींकडे आता वेळ नाही. सोमवारी दुरुस्त केलेलं वाक्य तिकडे जाईल. पण ते आधी तुमच्यापर्यंत पोचायला हवं होतं, आणि हे वाचणाऱ्या नर्सबाईंनीही ऐकायला हवं होतं. कारण त्या रोज ज्यांचा हात धरून बसतात, त्या सिस्टरनी पिशवी दिली नव्हती, हे तिथल्या निदान एका माणसाला तरी ठाऊक असावं. तुमची परवानगी मागत नाही, कारण तुम्ही ती देणार नाही, आणि तोंड धुऊन यायला सांगाल. नर्सबाई, एवढं शेवटचं जरा मोठ्यानं वाचा. पत्राची सुरुवात 'मी'नं करायची नाही, असं मदर इग्नेशियस सांगायच्या. शेवटाबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

पिशवी मी दिली.

तुमचीच ऋणी,
नर्स जिरोत्तो,
वॉर्ड दोन