शेठच्या ट्रकची टकटक

जळगाव, ३ नोव्हेंबर १९६८, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण, कामात शिस्त. मोठ्या कारखान्यात म्हणे प्रत्येक इंजिनाची नोंद ठेवतात. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा इथे खोटं लिहायचं नाही.

इंदरचंद शेठच्या ट्रकचं इंजिन आज बांधून पुरं झालं. सहा सिलिंडर. रीबोअर, नवे पिस्टन, नवे व्हॉल्व्ह. सव्वीस दिवस लागले. शेठचं जिनिंग सुरू झालंय, जामनेरकडचा कापूस आणायला ट्रक हवाच. संध्याकाळी पहिल्या सेल्फला इंजिन उचललं. पेढे वाटले.

थोडा आवाज आहे. वरच्या अंगाला, टकटक. नवं काम आहे, बसेल.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बसलं नाही.

ड्रायव्हर सुकदेव आला होता. पिंपळनेरकडचा माणूस, या ट्रकवर अकरा वर्षं. बोनेटवर पंजा ठेवून उभा राहिला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. म्हणाला, "मिस्तरी, टॅपेटना आवाज शे." मी म्हणालो, मलाही कान आहेत. जरा जोरात म्हणालो. चुकलं. उद्या त्याला चहा पाजायचा.

निदान: रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट वाढलेली. मापाची पट्टी घालून बाराही व्हॉल्व्हच्या फटी पुन्हा सेट केल्या. उद्या दुपारपर्यंत आवाज गेलेला असेल.

६ नोव्हेंबर

दुपार झाली. आवाज आहे. चहा राहिला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ११

आज शास्त्रीय पद्धत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला. आधी चार नंबरच्या व्हॉल्व्हला आवाज वाटला. मग नऊला. मग सगळीकडे. मग इंजिन बंद केलं तरी वाटला.

निदान: रॉकर शाफ्ट झिजलाय. बदलून टाकला.

दुपारी ४. टकटक जाऊन आता टिकटिक येते. प्रगती आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा टकटक.

शेठ स्वतः गॅरेजवर आले. सोबत दोन व्यापारी. त्यांच्यासमोरच विचारलं, मिस्त्री, एवढं सगळं नवं घातलं, मग हे काय वाजतंय? तोंडातून निघून गेलं, नवं इंजिन पहिले पाचशे मैल सावकाश न्यायचं असतं, ड्रायव्हरने ताणलं असेल.

'असेल' म्हणालो. 'ताणलं' असं म्हणालो नाही. फरक आहे.

सुकदेव चार हातांवर टायरची हवा बघत होता. त्याने ऐकलं नसावं. ऐकलं असतं तर मान वर केली असती.

जेवण गेलं नाही. बायकोने, कुंदाबाईने विचारलं, तब्येत बरी नाही का? म्हणालो, वांगी तिखट झालीत. वांगी चांगली होती. तिने दही वाढलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

ट्रक घेऊन भटू नावाचा नवाच ड्रायव्हर आला. सुकदेव कुठे, म्हटलं. भटू म्हणाला, तो आता नाही या गाडीवर, धुळ्याला गेला.

शेठने काढलं त्याला. माझ्या एका 'असेल'पायी.

निश्चय: उद्या सकाळी पहिलं काम, शेठकडे जायचं आणि शब्द मागे घ्यायचा.

१५ नोव्हेंबर

गेलो. शेठ जामनेरला गेलेले. फार वाईट वाटलं. येताना जरा हलकंही वाटलं, पण ते वाऱ्यामुळे.

१७ नोव्हेंबर, रविवार

खोटं लिहायचं नाही असं पहिल्याच पानावर लिहून बसलोय, म्हणून लिहितो.

कॅमशाफ्टवर बारा टॅपेटं बसतात. फिरता कॅमशाफ्ट त्यांना खालून ढकलतो, ती व्हॉल्व्ह उघडतात. प्रत्येक टॅपेट आपल्या जागेच्या कॅमवर, म्हणजे शाफ्टवरच्या उंचवट्यावर, घासून घासून त्याच्याच मापाचं झालेलं असतं. काढलं की नंबर टाकून ठेवायचं आणि परत त्याच जागी बसवायचं. शिकाऊ माणसालाही हे ठाऊक असतं.

इंजिन खोललं त्या दिवशी सुकदेव मुद्दाम एक फळी घेऊन आला होता. बारा भोकं पाडलेली, खाली खडूने आकडे. म्हणाला, यात ठेवा. मी म्हणालो, वीस वर्षं हेच करतोय, मला फळी लागत नाही. आणि बाराही टॅपेटं रॉकेलच्या एकाच डब्यात टाकली. धुऊन झाल्यावर कुठलं कुठलं ते कळेना. चेहरे बघून अंदाजाने बसवली.

तरीपण सगळी चुकली असतील असं नाही. हिशेबाने एखाददुसरं तरी जागेवर पडलं असणार.

२० नोव्हेंबर, बुधवार

जाड ऑईल घातलं. आवाज गेला! अगरबत्ती लावली. इंजिन तापलं, ऑईल पातळ झालं, आवाज आला. अगरबत्ती अर्धी शिल्लक होती.

भटू गाडी बैलगाडीसारखी चालवतो. तरी टकटक तशीच. म्हणजे 'ताणलं असेल' हे आता मला स्वतःलाही सांगता येत नाही.

शेठकडे जाणं झालं नाही. त्यांच्याकडे पाहुणे असतील असं वाटलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

गॅस्केट आणायला धुळ्याला गेलो. गॅस्केट जळगावातही मिळतं.

सुकदेव ट्रक अड्ड्यावर सापडला. पँट गुडघ्यापर्यंत वर, हातात बादली, दुसऱ्याच्या गाड्या धूत होता. अकरा वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. म्हणाला, पुढच्या महिन्यात एक गाडी मिळेल असं मालक म्हणतात. बायको-पोरं पिंपळनेरलाच ठेवलीत. मला बाकावर बसवलं, स्वतः उभा राहिला, चहा मागवला. पैसे त्यानेच दिले.

मी तोंड उघडणार तोच त्याने विचारलं, "आवाज गया का?"

म्हणालो, जवळजवळ.

तो कपाकडे बघत म्हणाला, "टॅपेट काढीसन देखा मिस्तरी. कॅमशाफ्ट खाई जाई."

मी म्हणालो, बघतो. मग गॅस्केटच्या भावाबद्दल बराच वेळ बोललो. एस.टी.त बसल्यावर सगळं बोलायचं सुचलं, अगदी व्यवस्थित, क्रमवार. शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, काही म्हणालात का?

२८ नोव्हेंबर, गुरुवार

काल भरलेला ट्रक नेरीच्या चढावर थांबला. ओढच नाही. गावोगावी कापूस उघड्यावर पडलाय.

आज साइड कव्हर खोलून टॅपेटं बाहेर काढली. साडेतीन आठवडे हे एक सोडून बाकी सगळं खोललं होतं. टॅपेटांचे तळ मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. कॅमशाफ्टवरचे दोन कॅम झिजून जवळजवळ गोल झालेले. व्हॉल्व्ह उघडायचं नाव घेत नव्हते. सुकदेव म्हणाला तस्संच.

टॅपेटं फडक्यात गुंडाळून घरी आणली. कुंदाबाईने विचारलं, काय आहे? पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, मला सांगून काय होणार? शेठना सांगा.

१ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

घरून वाक्यं पाठ करून गेलो होतो. पेढीवर शेठ एकटेच होते. फडकं उलगडलं आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, चूक माझी आहे, टॅपेटं मीच मिसळली, सुकदेवने काही ताणलं नव्हतं, तुम्ही त्याला माझ्यामुळे काढलंत.

शेठनी एक टॅपेट उचलून बोटांत फिरवलं. मग म्हणाले, "काढलं? तुमच्या बोलण्यावरून मी अकरा वर्षांचा ड्रायव्हर काढीन होय?"

मग तो धुळ्याला का गेला, म्हटलं.

"तो त्याच दिवशी माझ्याकडे आला. म्हणाला, शेठ, मिस्त्री बदला, नाहीतर मला सोडा. इंजिन मरतंय, ते मला ऐकवत नाही." शेठने टॅपेट फडक्यावर ठेवलं. "मी त्याला सांगितलं, लीलाधर मिस्त्री पंधरा वर्षं आमच्या जिनिंगचं काम बघतात. ते चुकायचे नाहीत. मी तुम्हाला ठेवलं, मिस्त्री."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेवटी एवढंच म्हणाले, ट्रक धुळ्याला न्या. मिस्त्री कोणता, ते सुकदेव सांगेल. आणि इंजिन आता चालू करू नका.

३ डिसेंबर, मंगळवार, धुळे

धुळ्याला निघालेल्या एका ट्रकला दोर बांधून ओढत आणला. पुढच्यात त्याच्या ड्रायव्हरशेजारी भटू, मागच्या मुक्या गाडीच्या स्टिअरिंगवर मी. सगळी वाट टकटक नाही. इतकी शांत गाडी मी वीस वर्षांत चालवली नव्हती. पारोळ्याला दोर तुटला. बाजारचा दिवस. लोकांनी ढकलून रस्त्याच्या कडेला लावली. एकाने विचारलं, मिस्त्री नाही का तुमच्याकडे? भटू माझ्याकडे बघायला लागला. मी दोर बघायला लागलो.

अड्ड्यावर सुकदेव उभाच होता. मी उतरलो आणि वाटेत एकही वाक्य पाठ न करता म्हणालो, तुमच्या नावावर मी खोटं घातलं, सुकदेव. तो म्हणाला, "मी आयकं व्हतं." आणि बोनेट उघडायला गेला.

७ डिसेंबर, शनिवार

वना मिस्त्री म्हणून इथला. माझ्याहून लहान. नवा कॅमशाफ्ट, बारा नवी टॅपेटं. इंजिन खोलताना त्याने विचारलं, कोणी बांधलं होतं हे? सुकदेव पाना शोधायला लागला. मी म्हणालो, मी. वना म्हणाला, बरं, कंदील जरा वर धरा.

चार दिवस कंदील, जॅक, चहा.

आज दुपारी स्टार्ट केलं. आवाज नाही. थंडीत नाही, तापल्यावर नाही. सुकदेवने डोळे मिटून ऐकलं. हसला. मी त्याला म्हणालो, चला आता परत, शेठ वाट बघताहेत, मी सांगतो त्यांना. तो म्हणाला, नाही मिस्त्री, इथली गाडी मिळाली, सोमवारपासून. चांगली गाडी आहे. मग म्हणाला, "भटूले सांगा, घाटमा सावकाश."

मला सांगितलं, भटूला सांगायला. म्हणजे निदान बोलला.

भटू ट्रक घेऊन तीनला निघाला. केबिनमध्ये जागा होती. त्याने दार उघडून धरलं, दोनदा हाक मारली.

मी एस.टी.ने आलो.