साठच्या वर न जाणारी गाडी

२ जानेवारी
नव्या वर्षाचे दोन नियम. एक, मशीन पंधरा दिवसांत पुरी. दोन, कुणाला चिडवायचं न्हाई.

मशीन म्हंजे डायनो. गाडी जागेवरच उभी, मागलं चाक लोखंडी रोलरवर फिरतं. रोलर ब्रेकनं दाबायचा आन् इंजिनात किती दम हाय ते बघायचं. मोबाईलवर एका माणसानं घरी बनवलेली पाह्यली. त्याला जमतं तर मला का न्हाई? मालकाच्या गॅरेजात लग्नापासनं चौदा वर्सं पाने मीच हातात दिलेत.

मालक अपघातात जाऊन सात महिने झाले. सगळं मंठा गाव म्हणतं, सुसाट चालले होते. खोटं. त्यांच्या ह्या मोटरसायकलला साठच्या वर जाताच येत न्हाई. मी तिला म्हैसच म्हणायची. एवढंच सिद्ध करायचंय. अपघातात पुढचं चाक मोडलं म्हणून, न्हाईतर रस्त्यावरच चालवून दाखवली असती.

३ जानेवारी
वेल्डिंगवाला बुद्धभूषण आल्ता. मालकाचा दोस्त. मी काढलेलं चित्र बघून म्हणतो, वहिनी, हे डायनो हाय का पाळणा? मी म्हणले, तुझं लग्नच जमंना, तुला पाळणा कशाला?
दुसरा नियम उद्यापासून.

१४ जानेवारी
संक्रांत. गल्लीतल्या बाया हळदीकुंकवाला गेल्या. मला बोलावणं न्हाई. बरंच झालं, टाईम मिळाला. जालन्याच्या भंगारातनं जाड पाईप आणला, त्याचा रोलर. काळीपिवळी जीपचा जुना ब्रेक ड्रम. कापूस मोजायचा लटकता काटा. ब्रेक दाबला की पट्टी ओढती, पट्टी काट्याला ओढती, काटा किलो सांगतो. सोपं हाय. लोक उगाच इंजिनेरिंगला जातात.

१७ जानेवारी
पंधरा दिवस झाले. मशीन न्हाई झाली. लाईट नव्हती. दोन दिवसच नव्हती, पण नव्हती.

२२ जानेवारी, दुपारी ४
पहिली ट्रायल. पट्टे बांधायचे राह्यले. गाडी रोलरवरनं उडाली, शटरला भोक पाडून घसरत रस्त्यावर गेली. एक शेळी थोडक्यात वाचली. शेळीवाली गिरिजाबाई म्हणाली, नवरा गेला तरी तुझी खोड गेली न्हाई. मी म्हणले, शेळीला हेल्मेट घाल.
बाकी ट्रायल यशस्वी.

२९ जानेवारी
श्रीपती भाऊजी आल्ते. मालकाचे धाकटे भाऊ, संभाजीनगरला ऑफिसात असतात. मशीनकडं बघतच राह्यले. मंग हळूच म्हणाले, वहिनी, कशाला हे? दादा परतूरच्या पंपावर होता तवा सहा वाजून दहा झाले होते. पोरांनी त्याला रस्त्यावरनं उचलला तवा सहा बावीस. मधी अठरा किलोमीटर. नव्वद होतंय.
मी म्हणले, पोरांची घड्याळं चुकली असतील.
म्हणाले, घड्याळाचं न्हाई, तुमच्या फोनचं हाय. सहा दहाला तुमचाच फोन ठेवून निघाला ना तो?
चहा घ्या म्हणले. फोनचा काही संबंध न्हाई. दोन मिनिटांचा फोन होता.

५ फेब्रुवारी
जमलं! चाक हवेत फिरवलं की शंभर दाखवतं, ते खोटं. रस्त्यासारखा जोर द्यावा लागतो. गाडीचा मीटर पुढच्या चाकासंगं गेला, म्हणून रोलरला सायकलचा मीटर लावला. आधी काट्यावर वीस किलोचा जोर दिला. लई पळायला लागली, लगेच बंद केली. तीस दिला. मंग पस्तीस. पस्तीसवर बराबर साठ! वर एक न्हाई.
गल्लीत पेढे वाटले. गिरिजाबाईनं दोन घेतले, म्हणाली, एक शेळीचा.

६ फेब्रुवारी
बुद्धभूषणनं पेढा खाऊन विचारलं, पस्तीसच का? म्हणले, पस्तीसला साठ येतं म्हणून. तो म्हणाला, वहिनी, मंग पन्नास टाकले असते तर दादा पायी निघाले असते.
आता तो मला चिडवायला लागला. पेढा परत घ्यायला पाह्यजे होता.

११ फेब्रुवारी
बुद्धभूषणच्या डोक्यातनं जाईना. तसलीच दुसरी गाडी आणली, न्यूट्रलमधी टाकून पिकअपच्या मागं दोरीनं बांधली, मधी काटा लावला. वर स्वतः बसला. साठनं ओढली. रस्ता आन् वारा मिळून अकरा किलोनं मागं धरतात म्हणाला. नव्वदला वारा वाढतो, म्हणून एकवीस धरा. एकवीसवर गाडीला नव्वद जमलं न्हाई तर तुम्ही खऱ्या, मी गावभर सांगतो.
उद्या लगेच करते.

१२ फेब्रुवारी
पेट्रोल नव्हतं.

१३ फेब्रुवारी
पेट्रोल आणलं. बेरिंग आवाज करून राह्यलं असं वाटलं.

१६ फेब्रुवारी
बेरिंग चांगलं निघालं. आता माझी कंबर धरली.
बसल्या बसल्या आठवलं. मे महिन्यात मालक दुपारचं शटर ओढून ह्या गाडीचं इंजिन उघडून बसायचे. काय करून राह्यले विचारलं की म्हणायचे, कळंल तुला.
सर्व्हिसिंग केली असंल.

१८ फेब्रुवारी
लिहूनच टाकते, ही वही कोण वाचतंय. त्या सहा दहाच्या फोनवर मी म्हणले, भजे तळायला घेतले, पण तुमची म्हैस येईस्तोर थंड होतील, शेजाऱ्यांना वाटून टाकते. हसतच म्हणले. तेबी हसले. म्हणाले, कढई उतरवू नको, आज बघच.
रोजचंच होतं आमचं. चौदा वर्सांत कवा माझ्या बोलण्यावर त्यांनी गाडी पळवली न्हाई. आन् पळवायची म्हणली तरी पळणार कशी? साठच्या वर जातच न्हाई.
उद्या.

१९ फेब्रुवारी, सकाळी १०
शटर लावून एकटीनंच केलं. एकवीस किलो. चौथा गिअर. साठ. साठवर थांबली असं वाटलं, मीच रेसची मूठ अर्धी धरून बसल्ते. पुरी पिळली. सत्तर. ऐंशी. एक्क्याण्णव.
ड्रमवर पाणी टाकून परत केलं. नव्वद. परत. नव्वद. गाडी थरथरलीबी न्हाई. असलं इंजिन मालकानं गिऱ्हाइकाचंबी कवा बांधलं न्हाई.

त्याच दिवशी, दुपारी
बुद्धभूषण आला. वहीतला आकडा मीच त्याला दाखवला. त्यानं रोलर हातानं फिरवून बघितला. मंग म्हणाला, वहिनी, घरी बनवलेली मशीन हाय, चुकली असंल.
म्हणले, न्हाई. बराबर बनली.