सावलीतल्या मातीचे डबे

१९ जानेवारी १९५६
दंगलीमुळे कॉलेज बंद, गिरण्या बंद, रस्त्यावर कर्फ्यू. प्रयोगशाळेला कुलूप लागायच्या आत मातीचे तीन डबे घरी आणले ते बरं झालं! बोरिवलीच्या रानातली, दाट झाडाखालची माती. ऊन कधी न पाहिलेली. ओली फडकी घालून खाटेखाली सरकवले. या मातीत किती जंतू जगतात आणि रानातल्याच उघड्या जागेवरच्या मातीत किती — एवढ्यावर माझा एम.एस्सी.चा प्रबंध. फेब्रुवारीअखेर द्यायचाय.

बाबा दिवसभर घरात. एवढीशी खोली, आणि एक शब्द नाही. ही माती आणायला मी रानात गेले त्याच दिवशी आई गेली. तेव्हापासून अबोला. दोन महिने झाले. काही हवं असलं तर शेजारच्या काशीबाईंना सांगतात, “तिला म्हनावं राकेल संपलंय.” आणि मी तिथेच उभी!

२० जानेवारी
आज राकेलसुद्धा संपलं नाही.

२४ जानेवारी
दिवसाचा कर्फ्यू सैल झालाय. तीन दिवस रोज ठाकूरद्वारला, प्रबंध बघणाऱ्या सरांच्या घरी चालत जाते. सर म्हणाले, “दोन जागांच्या मातीत फरक असणारच. तो उन्हाचाच कशावरून?” तोंड पाडून परत आले.

आणि बघते तर दोन डबे गॅलरीत! काशीबाईंच्या बोंबलांशेजारी, फडकी काढून, भर उन्हात. वरची माती पांढरी पडलेली. तिसरा खाटेखालीच ट्रंकेमागे होता म्हणून वाचला. माझं डोकंच फिरलं. सगळ्या चाळीसमोर ओरडले, “दिसेल ते वाळत घालायचं का तुम्ही?”

काशीबाईंनी एकदा आमच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “चुकलं गो पोरी. आमाला काय कलतं त्यातलं?”

चाळीत आपणहून माझ्याशी बोलणारं हे एकच माणूस. तेही मी तोडलं.

२९ जानेवारी
रात्री जेवताना दोन ताटं, दोन भिंती. आई असती तर भांडली असती दोघांशी. फार एकटं वाटतं.

४ फेब्रुवारी
प्रयोगशाळा उघडल्यावर तिन्ही डब्यांतली चिमूटभर माती जंतू वाढायला बशांत लावली होती. आज मोजली. ट्रंकेमागच्या डब्याच्या बशीत जंतूंचे दोनशे बारा ठिपके. उन्हातल्या डब्यांच्या वरच्या मातीत एकवीस आणि अठरा. आणि दोन बोटं खालच्या मातीत? एकशे नव्वदच्या वर! वरचे मेले, खालचे मजेत. माती तीच, फरक फक्त उन्हाचा!

सर चष्मा काढून बघत राहिले. “ऊन की कोरडेपणा? आता सावलीत वाळवून बघा. पण वाट सापडली. डबे उन्हात ठेवायचं सुचलं कुणाला?”

तडक काशीबाईंकडे गेले. पाय धरायचे बाकी ठेवले. त्या बोंबील उलटत म्हणाल्या, “माझा हात न्हाय लागला गो तुझ्या मातीला. घरात विचार.”

५ फेब्रुवारी
विचारलं. बाबा भिंतीकडे बघत म्हणाले,

“बुरशी धराय लागली व्हती. तुझ्या आयनं ऊन दावलंच आसतं की. ती गेली तवा त्या मातीपायी तू हितं न्हवतीस. ती माती बी नासली आसती, तर काय ऱ्हायलं आसतं?”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तिसरा डबा ऱ्हायलाय. आन हिकडं.”

मला म्हणाले. मला!